धर्मादाय निधीसाठी सोडत काढायची असेल तर

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. कोथरूडमधील आमच्या महिला मंडळाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झालेली आहे आणि देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारे ८०-जी प्रमाणपत्रही आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावाहून पुण्यात आलेल्या मुलींसाठी आम्ही अल्प शुल्कात अभ्यासिका चालवतो. तिची जागा वाढवण्यासाठी निधी हवा आहे, म्हणून कार्यकारिणीने सोडत काढायचे ठरवले. शंभर रुपयांची पाच हजार तिकिटे, पहिले बक्षीस विजेवर चालणारी स्कूटर (किंमत सुमारे १ लाख १० हजार), शिवाय पैठणी, मिक्सर वगैरे मिळून चाळीस हजारांची इतर बक्षिसे, आणि कोजागरीच्या कार्यक्रमात सोडत, अशी योजना आहे. सुमारे दोनशे तिकिटांचे पैसे सभासदांनी आगाऊ गोळाही केले आहेत आणि स्कूटरसाठी पाच हजार रुपये अनामत भरली आहे. मात्र छापखानेवाल्यांनी “परवानगीचे पत्र आणल्याशिवाय तिकिटे छापणार नाही” असे सांगितले. आमच्या अध्यक्षांचे म्हणणे असे की, चांगल्या कामाला परवानगी कशाला, किती तरी मंडळे असे करतात. एका सभासदांच्या मते पोलिसांचे ‘ना हरकत’ पत्र पुरेसे आहे. दुसऱ्या एका सभासदांनी ‘तिकीट’ऐवजी ‘देणगी कुपन’ छापण्याचा सल्ला दिला आहे. आम्ही नक्की काय करावे? — कार्यवाह, कोथरूड

उत्तर : आपले पत्र वेळेवर आले याचे समाधान वाटते, कारण तिकिटे अजून छापली गेलेली नाहीत. छापखानेवाल्यांनी घेतलेली हरकत अगदी योग्य आहे. ज्या स्वरूपात ही सोडत ठरवली आहे त्या स्वरूपात, राज्य शासनाच्या अधिकृत परवानगीशिवाय, ती काढणे हा गुन्हा ठरतो आणि संस्थेचा हेतू कितीही चांगला असला तरी त्यामुळे हे बदलत नाही. तेव्हा तिकिटांची छपाई आणि विक्री आजच थांबवावी. यामागची कारणे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती समजल्यावरच कोणता पर्याय खरोखर सुरक्षित आहे आणि कोणता नुसता सुरक्षित दिसतो, हे आपल्या कार्यकारिणीला ठरवता येईल.

एखादी योजना लॉटरी आहे की नाही हे ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या जातात : भाग घेणाऱ्याने काही मोबदला दिला आहे का, त्याला बक्षीस मिळण्याची शक्यता आहे का, आणि ते बक्षीस कोणाला मिळणार हे निव्वळ नशिबावर ठरते का. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लॉटरी झाली. संसदेच्या १९९८ च्या लॉटरी विनियमन अधिनियमातील व्याख्याही हेच सांगते. तिकीट विकत घेऊन बक्षिसाच्या संधीत सहभागी होणाऱ्यांना चिठ्ठी टाकून किंवा योगायोगाने बक्षिसे वाटण्याची योजना म्हणजे लॉटरी, मग तिचे रूप आणि नाव काहीही असो. त्यामुळे ‘देणगी कुपन’ छापण्याच्या सल्ल्याने काहीही साधणार नाही. शंभर रुपये देणाऱ्याच्या हाती क्रमांक पडतो, त्या क्रमांकामुळे त्याला स्कूटर लागू शकते आणि न देणाऱ्याला ती लागू शकत नाही. एवढे सिद्ध झाले की कुपनावर काय छापले होते याला महत्त्व उरत नाही. उलट नाव बदलल्यामुळे, संस्थेला नियम ठाऊक होता आणि तरीही तिने पळवाट शोधली, असा अर्थ काढायला जागा राहते.

आता कायद्यांकडे वळू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार केंद्र किंवा राज्य शासनाने चालवलेल्या लॉटऱ्या हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे, तर पैजा आणि जुगार हा राज्यांच्या सूचीतील. खासगी व्यक्तीने किंवा संस्थेने काढलेली सोडत या दुसऱ्या विषयात मोडते आणि तिच्यासाठी आपल्या राज्यात १९५८ चा, लॉटऱ्यांवरील नियंत्रण व कर यासंबंधीचा, मुंबई राज्याच्या काळात झालेला आणि पुढे महाराष्ट्राच्या नावाने चालत आलेला कायदा आहे. त्या कायद्याने मुभा दिली असेल तेवढी वगळता प्रत्येक लॉटरी बेकायदेशीर आहे, हे त्याचे मूळ सूत्र आहे. म्हणजे येथे ‘मनाई कुठे लिहिली आहे ते दाखवा’ असे म्हणून चालत नाही. परवानगी कुठे आहे ते आपल्याला दाखवावे लागते.

फौजदारी बाजू भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ मध्ये होती. शासनाची नसलेली किंवा राज्य शासनाने अधिकृत न केलेली लॉटरी काढण्यासाठी जो कार्यालय किंवा जागा चालवील त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच कलमाचा दुसरा भाग अशा सोडतीशी निगडित रक्कम किंवा वस्तू देण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध करणाऱ्यासाठी आहे आणि त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आपल्या छापखानेवाल्यांची काळजी या दुसऱ्या भागामुळे असणार. केवळ तिकीटच नव्हे, तर सोसायटीच्या फलकावर लावलेले पत्रक आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले स्कूटरचे छायाचित्र, ज्याखाली ‘फक्त शंभर रुपयांत जिंका’ असे लिहिलेले असते, हाही प्रस्ताव प्रसिद्ध करण्याचाच प्रकार आहे. असा संदेश आपल्या सभासदांनी पाठवला असेल तर तो ताबडतोब काढून टाकायला सांगावे.

अध्यक्षांचा मुद्दा मी हलक्याने घेत नाही. चांगल्या कामासाठी झटणाऱ्या माणसाला कायद्याने अडवावे हे त्यांना खटकते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु तिकिटांचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हा प्रश्न कलम २९७ विचारतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात जुगाराच्या स्वरूपाच्या बक्षीस स्पर्धांना व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण देता येत नाही असे ठरवले. नशिबावर पैसे लावण्याच्या व्यवहाराकडे आपली न्यायव्यवस्था तेव्हापासून याच नजरेने पाहत आली आहे. काही जण १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा दाखला देतात आणि त्यातील जुगाराच्या व्याख्येतून लॉटरी वगळली आहे, म्हणून ती चालते, असे म्हणतात. वगळली आहे हे खरे आहे, पण लॉटरीसाठी वर सांगितलेला वेगळा कायदा असताना त्या वगळण्यातून परवानगी निघत नाही.

इतर मंडळे असे करतात, याविषयी एवढेच सांगता येईल की कोणी तक्रार केलेली नसणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. शिवाय बऱ्याच मंडळांकडे एक परवानगी खरोखर असते आणि तिच्यामुळेच हा गैरसमज पसरतो. नोंदणी नसलेली गणेशोत्सव किंवा नवरात्र मंडळे वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाकडून तात्पुरती परवानगी घेतात. ती लोकांकडून वर्गणी मागण्याची परवानगी आहे. वर्गणीच्या पावत्यांवर क्रमांक घालून त्यांतून बक्षीस काढण्याची नाही. पोलिसांच्या ‘ना हरकत’ पत्राचेही असेच आहे. कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला, ध्वनिक्षेपकाला किंवा रस्त्यावरील मांडवाला पोलिसांची परवानगी लागते आणि ती घ्यायलाच हवी, परंतु कायद्याने ‘राज्य शासनाने अधिकृत केलेली’ असे म्हटलेले असताना पोलीस चौकीतील शिक्क्याने लॉटरी अधिकृत होत नाही.

मग परवानगी मागायचीच असेल तर काय करावे? न्यासाच्या लेटरहेडवर, विश्वस्त मंडळाच्या ठरावाची प्रत जोडून, जिल्हाधिकाऱ्यांकडे १९५८ च्या कायद्याचा स्पष्ट उल्लेख करून लेखी अर्ज करावा आणि त्याची प्रत राज्याच्या वित्त विभागाच्या अखत्यारीतील लॉटरी आयुक्तालयाला पाठवावी. अर्जात नोंदणी क्रमांक, सोडतीचा हेतू, तिकिटांची संख्या व किंमत, बक्षिसांचे स्वरूप आणि ती देणाऱ्यांची नावे, विक्री कोण व कुठे करणार, सोडत कोणासमक्ष निघणार आणि जमा रकमेचा हिशेब कसा ठेवणार, हे सगळे असावे. आवक क्रमांक घ्यावा. या कायद्यातील एखाद्या सवलतीत आपली योजना बसते का, हे त्याच अर्जात विचारावे आणि उत्तर लेखीच मागावे. आपल्या कार्यकारिणीने ‘बसते’ असे स्वतःच ठरवून पुढे जाऊ नये. उत्तर येईपर्यंत एकही तिकीट विकू नये. मला स्वतःला कोजागरीच्या आत असे पत्र हाती पडण्याची आशा धरणे व्यवहार्य वाटत नाही. शासन स्वतः लॉटरी काढते तेव्हा तेही मोकळे नसते : तिकिटे शासनानेच छापायची, विक्रीचा पैसा शासकीय खात्यात जमा व्हायचा, सोडत राज्याच्या हद्दीतच काढायची, एकाच लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच, अशा अटी १९९८ च्या कायद्याने राज्यांवर घातल्या आहेत. १९६९ पासून चालू असलेली महाराष्ट्र राज्य लॉटरीही याच चौकटीत चालते. राज्यालाही जिथे इतके बांधून घ्यावे लागते तिथे एका मंडळाला सहज मुभा मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

समजा, परवानगी मिळालीच. तरीही एक अडचण उरते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लॉटरीत मिळालेल्या बक्षिसावर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो, त्यावर उपकर वेगळा, आणि इतर उत्पन्नाला मिळणारी करमुक्त मर्यादा या रकमेला लागू होत नाही. बक्षिसाची किंमत दहा हजारांहून अधिक असेल तर ते देणाऱ्यानेच, म्हणजे आपल्या न्यासाने, कर कापून सरकारजमा करायचा असतो आणि त्यासाठी न्यासाकडे टॅन, म्हणजे करकपात करणाऱ्याला प्राप्तिकर विभागाकडून मिळणारा क्रमांक असावा लागतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच ती वस्तू विजेत्याच्या ताब्यात द्यायची, असा नियम आहे. आता कल्पना करा की आपल्याच एखाद्या सभासदाच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी शंभर रुपयांचे तिकीट घेतले आणि त्यांना स्कूटर लागली. टाळ्या वाजल्या, हार घातला, छायाचित्र निघाले, आणि मग आपल्या कोषाध्यक्षांनी त्यांना सांगितले की १ लाख १० हजारांच्या स्कूटरवर तेहतीस हजार रुपये कर आधी आणून द्या, तेव्हाच किल्ली मिळेल. ज्या मुलींसाठी आपण हा खटाटोप करत आहात त्यांच्यापैकी एकीला स्कूटर लागली तरी हेच होईल. कर संस्थेने सोसायचा म्हटले तर अभ्यासिकेच्या निधीतून तेवढी रक्कम जाणार. तिकिटावर या कराचा उल्लेख नसेल तर लोकांच्या दृष्टीने ती फसवणूकच. जीएसटीतही लॉटरीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्क्यांचा, म्हणजे सर्वांत वरचा दर आहे आणि संस्था धर्मादाय आहे एवढ्या कारणाने त्यातून सूट मिळत नाही. आपल्या न्यासाची जीएसटी नोंदणी असेल तर सनदी लेखापालांशी हे बोलून घ्यावे.

८०-जी विषयीही स्पष्ट लिहितो. बक्षिसाच्या संधीसाठी दिलेले शंभर रुपये ही देणगी नव्हे, ती तिकिटाची किंमत आहे. तिच्यावर ८०-जीची पावती देता येणार नाही. दिली तर ती पावती चुकीची ठरेल आणि प्रश्न आपल्या प्रमाणपत्रापर्यंत जाईल. विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार लेखापरीक्षकांना आपल्या अहवालात अनियमित, बेकायदेशीर किंवा अनुचित खर्च नमूद करावा लागतो. विनापरवाना सोडतीसाठी न्यासाच्या पैशातून घेतलेली स्कूटर त्या रकान्यात गेली की तो अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो आणि मग ढोले पाटील रस्त्यावरच्या कार्यालयात विश्वस्तांना खुलासे देत बसावे लागते. पुढे एखाद्या कंपनीकडे सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी अर्ज केला तर मागील वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागितले जातात, हेही लक्षात असू द्यावे. माझ्या मते खरा धोका दंडाच्या रकमेत नाही, तो इथे आहे. अनेक वर्षांच्या कामातून मिळवलेला विश्वास पाच लाखांसाठी पणाला लावण्यात अर्थ नाही.

शिवाय पाच लाख हाती येणारच नव्हते. आपल्याच आकड्यांप्रमाणे पाच हजार तिकिटे, तीही सगळी विकली गेली तर, पाच लाख रुपये जमतात. त्यांतून स्कूटरचे १ लाख १० हजार आणि इतर बक्षिसांचे चाळीस हजार वजा केले की साडेतीन लाख उरतात आणि छपाईचा खर्च त्यातूनच. म्हणजे आपल्याला मुळात साडेतीन लाखच उभे करायचे आहेत. हजार रुपये देणारे साडेतीनशे देणगीदार मिळाले तर तेवढी रक्कम होते, तीही स्कूटर विकत न घेता. कोथरूड, कर्वेनगर, वारजे एवढ्या परिसरात, सभासदांनी आपापल्या ओळखीत दहा-पंधरा घरे वाटून घेतली तर साडेतीनशे घरे अशक्य नाहीत, आणि या देणगीदारांना ८०-जीची रीतसर पावती देता येते, जिचा उपयोग जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांना होतो. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर ही वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा यूपीआयने घ्यावी. प्रत्येकाचे नाव आणि पत्ता नोंदवावाच, कारण निनावी देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे न्यासालाच ३० टक्के कर लागतो.

लोकांना काहीतरी आकर्षण हवे, नुसती देणगी कोण देणार, असे कार्यकारिणीत कोणी म्हणेल. त्यासाठी पुढील मार्ग सुचवतो आणि ते निवडताना वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एक तरी पूर्णपणे काढून टाकलेली आहे ना, एवढेच पाहावे.

माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला मार्ग लिलावाचा. लिलावात नशीब नसते. जो अधिक बोली लावतो त्याला वस्तू मिळते, म्हणून ती साधी विक्री ठरते. पैठणी विकत न घेता ती एखाद्या सभासदाकडून भेट म्हणून घ्यावी. कोणी जुनी पितळेची समई देईल, कोणी स्वतः काढलेले चित्र, कोणी चार घरचे दिवाळीचे फराळ करून देण्याची तयारी दाखवील. अशा गोष्टींना कोजागरीच्या वातावरणात चांगली बोली लागते. प्रत्येक वस्तूसाठी एक कागद करावा, त्यावर वस्तू, देणाऱ्याचे नाव, किमान बोली आणि बोली किती रुपयांनी वाढवायची हे लिहावे, आणि शेवटची बोली लावणाऱ्याची सही त्याच कागदावर घ्यावी. तो कागद हिशेबाला जोडता येतो. या रकमेची पावती विक्रीची द्यावी, देणगीची नव्हे, हे कोषाध्यक्षांना सांगून ठेवावे.

दुसरा मार्ग कौशल्याच्या स्पर्धेचा. रांगोळी, पाककृती, निबंध, भावगीत गायन अशा स्पर्धांना प्रवेशशुल्क घेता येते, कारण निकाल परीक्षकांच्या मूल्यमापनावर ठरतो. मात्र गुणदानाचे निकष आधी जाहीर करावेत आणि दोघींना सारखे गुण मिळाले तर चिठ्ठी टाकू नये. बक्षीस विभागून द्यावे. तिथे चिठ्ठी आली की नशीब मागच्या दाराने परत आले. शब्दकोडी, गाळलेले शब्द भरा, आकड्यांची जुळणी असले प्रकार शुल्क घेऊन ठेवूच नयेत, कारण अशा बक्षीस स्पर्धांसाठी १९५५ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यात परवान्याची आणि बक्षिसांच्या रकमेची बंधने आहेत.

तिसरा मार्ग मोफत सोडतीचा, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाला दारातच विनामूल्य कुपन द्यावे, देणगी दिली असो वा नसो, आणि त्यातून चार-पाच लहान बक्षिसे काढावीत. असे केले तर मोबदला हा घटक उरत नाही. परंतु प्रवेशपत्रिका दोनशे रुपयांची आणि तिच्यासोबत ‘भाग्यवान कुपन मोफत’, असे छापले तर दोनशे रुपयांतला काही भाग संधीसाठीच घेतला, असे म्हणता येते. तसेच ‘हजार रुपये देणाऱ्यांतून एका भाग्यवान देणगीदाराची निवड’ ही तर पुन्हा लॉटरीच झाली. त्यामुळे सशुल्क कार्यक्रमात सोडत नको आणि सोडत असलेल्या कार्यक्रमाला शुल्क नको, एवढा साधा नियम पाळावा. एखादा सराफ किंवा साडीचे दुकान बक्षिसे द्यायला पुढे आले आणि त्या बदल्यात ‘आमच्या दुकानातल्या खरेदीवर कुपन’ अशी अट घालू लागले तर नम्रपणे नकार द्यावा. विक्री वाढवण्यासाठी काढलेली लॉटरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोजली आहे. कोजागरीच्या रात्री गच्चीवर हाऊजी खेळण्याचा विचार असेल तर तीही तिकीट न लावता, केवळ करमणूक म्हणून खेळावी.

ऑनलाइन मार्ग कोणी सुचवला तर तो ऐकूच नये. पैसे भरून, पैसा किंवा इतर लाभ जिंकण्याच्या अपेक्षेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातीवर संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, आणि त्यातील शिक्षा कलम २९७ पेक्षा कितीतरी कडक आहेत. यूपीआयने पैसे घेऊन झूमवर सोडत काढण्याची कल्पना म्हणूनच अधिक धोक्याची आहे.

पुण्यातल्या संस्थांसाठी आणखी एक सूचना द्यायलाच हवी. आपल्या सभासदांपैकी अनेकींची मुले परदेशात असतील आणि ती आनंदाने पैसे पाठवतील. त्यांच्याकडे भारतीय पारपत्र असेल तर त्यांची स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी घेता येते. परंतु त्यांनी अमेरिकेचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले असेल, अगदी भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, ती रक्कम विदेशी अंशदान ठरते आणि त्यासाठी विदेशी अंशदानाविषयीच्या २०१० च्या कायद्याखालील नोंदणी आणि नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खाते लागते. आपल्याकडे ती नोंदणी नसेल तर अशी रक्कम घेऊ नये. आईच्या खात्यावर मागवून तिच्या नावाने पावती फाडणे हाही उपाय नव्हे.

आता, आधीच घेतलेल्या पैशांचे काय करायचे ते पाहू. या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक बोलावून सोडत रद्द केल्याचा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. ज्या सभासदांनी पैसे घेतले त्यांच्याकडून एकाच वहीत यादी करून घ्यावी : देणाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख. प्रत्येकाला सोडत रद्द झाल्याचे कळवून पैसे परत करावेत आणि त्याच ओळीपुढे सही घ्यावी. यूपीआयने परत केले असतील तर व्यवहाराचा क्रमांक लिहावा. काही जण म्हणतील, पैसे राहू द्या, अभ्यासिकेसाठीच दिले होते. त्यांच्याकडून ‘ही रक्कम कोणत्याही बक्षिसाच्या अपेक्षेशिवाय देणगी म्हणून देत आहे’ असे एका ओळीत लिहून घ्यावे आणि त्यानंतरच, त्या दिवसाच्या तारखेची, नवी देणगी पावती द्यावी. आपण होऊन मात्र कोणालाही तसे सुचवू नये. आधी पैसे परत देऊ करावेत. स्कूटरच्या विक्रेत्याला नोंदणी रद्द करत असल्याचे पत्र द्यावे आणि अनामतीची पावती पाहून पाच हजारांपैकी किती परत मिळतात ते लेखी विचारावे. त्यातून काही रक्कम कापली गेली तर ती न्यासाच्या खात्यावर न टाकता, निर्णय घेणाऱ्या विश्वस्तांनी आपसात वाटून भरावी, असे मी सुचवीन; लेखापरीक्षकांपुढे मग हा विषय राहणार नाही. छापखान्याला रद्द झालेल्या कामाऐवजी लिलावाच्या निमंत्रणपत्रिका आणि देणगी आवाहनाचे पत्रक छापायला द्यावे, आणि त्या पत्रकावर न्यासाचा नोंदणी क्रमांक, ८०-जीचा क्रमांक व बँक खात्याचा तपशील ठळक असावा.